डाटासाठी की व्हिडिओसाठी?

गेल्या श्रावणात माडीवरच्या काकूंचा नागपूरहून फोन आला. त्या आता मुलाकडे राहतात, आणि सदाशिव पेठेतला वाडा पाडून अठरा वर्षे झाली असली तरी आमच्या घरात त्या अजून 'माडीवरच्या'च आहेत. मुलांनी सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला आहे हे सांगून झाल्यावर त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, बिऱ्हाडं हलायच्या आधी तू सगळ्या वाड्याचा व्हिडिओ काढला होतास ना? तो असेलच तुझ्याकडे. तू पहिल्यापासून जपून ठेवणारी." मी लगेच "आहे ना काकू, पाठवते" म्हटले, कारण त्या क्षणी मला खरोखरच तसे वाटत होते. कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, चेन असलेल्या काळ्या अल्बममध्ये, तिसऱ्या की चौथ्या खिशात ती डीव्हीडी आहे आणि तिच्यावर मी दिंडी दरवाजाचा फोटो छापलेले गोल लेबल चिकटवले आहे, हे मला बसल्या जागी दिसत होते. डिस्क कुठे आहे हे माहीत आहे म्हणजे व्हिडिओ आपल्याकडे आहे, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते.

घरातल्या दोन्ही लॅपटॉपना डिस्क घालायची सोयच नाही, म्हणून यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह मागवला. डिस्क आत गेल्यावर होणारी घरघर, मग क्षणभराची शांतता, मग पुन्हा वेग घेणारी घरघर हे आवाज कितीतरी वर्षांनी ऐकले आणि छातीत उगीच धडधडले. चित्र सुरू झाले. दिंडी दरवाजाची कडी, चौकातला नळ, त्याखालची शेवाळलेली शहाबादी फरशी, पाणी यायच्या वेळेची बादल्यांची रांग, ओसरीवर वर्तमानपत्राने तोंड झाकून पहुडलेले आजोबा, कोनाड्यातला काजळी धरलेला दिवा. खालच्या मजल्यावरची एकेक खोली झाली, आणि सत्त्याण्णवाव्या मिनिटाला कॅमेरा लाकडी जिन्याशी आला. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. चौथ्या पायरीवर चित्राचे चौकोन झाले, ते तसेच थिजले, आवाज तुटला, आणि ड्राइव्ह आतल्या आत तेच ठिकाण पुन्हा पुन्हा चाचपत राहिला. पुढची तेवीस मिनिटे, म्हणजे माडी, काकूंच्या दोन खोल्या आणि गच्ची, त्याला वाचताच आली नाहीत. त्याच अल्बममध्ये पुढच्या खिशांत माझ्या तेव्हाच्या नोकरीतल्या हिशेबांच्या आणि एम. फिल.च्या प्रबंधाच्या बॅकअपच्या डिस्का होत्या. एक प्रयत्न म्हणून त्या घालून पाहिल्या, तर सगळ्या पहिल्या फटक्यात, शेवटच्या फाइलपर्यंत वाचल्या गेल्या. २००६ सालचा किरकोळ खर्चाचा तक्ता उघडला. आता कुठेही न सापडणाऱ्या प्रिंटरचा ड्रायव्हर शाबूत होता. प्रबंधाची फाइल उघडली, पण तिचा जुना मराठी फाँट माझ्याकडे उरला नसल्यामुळे पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसला, इतकेच.

ही वाटणी मीच केली होती.

२००७ च्या मे महिन्यातली ती दुपार मला चांगली आठवते. बाहेर लक्ष्मी रस्ता तापला होता. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मात्र डोक्यावरच्या वायरींच्या जाळ्यातून ऊन जेमतेम गाळून येत होते आणि नव्या प्लास्टिकचा व सोल्डरिंगचा मिळून एक वास होता. "ब्लँक डीव्हीडी द्या" म्हटल्यावर दुकानदाराने मान वर न करता विचारले, "ताई, डाटासाठी की व्हिडिओसाठी?" मला दोन्हींसाठी हव्या होत्या. त्याने काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक पन्नास डिस्कांचा स्पिंडल, वरून चंदेरी आणि नावापुरते नाव असलेला, नग दहा-बारा रुपयांना पडणारा. दुसऱ्या, सुट्या प्लास्टिकच्या डबीतल्या, त्याच्या भाषेत 'जपानी माल', किंमत जवळजवळ तिप्पट. "डाटाला ही घ्या," तो म्हणाला, "एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर फाइल उघडायची नाही. व्हिडिओला ती चालते. फार तर मधे एखादा चौकोन दिसेल, कुणाच्या लक्षातही यायचं नाही." मग 'प्लस की मायनस' हा, डिस्कच्या दोन प्रकारांचा, दुसरा प्रश्न आला आणि त्याचेही उत्तर त्यानेच दिले: जुन्या प्लेअरवर मायनस चालण्याची शक्यता जास्त, म्हणून व्हिडिओला मायनस. वाड्यात आमच्यासकट आठ बिऱ्हाडे होती आणि प्रत्येकाला एक प्रत द्यायची होती. एक-दोन बिघडणार हे धरून मी स्पिंडल घेतला. चांगल्या डिस्का चारच घेतल्या, त्या हिशेबांना आणि प्रबंधाला गेल्या. घरी येताना आपण विचार करून खरेदी केली, याचे मला समाधान होते.

त्या माणसाला मी दोष देऊ शकत नाही, कारण त्याचे म्हणणे तंत्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. किंबहुना ज्यांनी या डिस्का घडवल्या त्यांनीही हाच भेद केलेला होता. साध्या सीडीवर संगणकाची माहिती लिहिताना प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या एका छोट्या कप्प्यात, २०४८ बाइट मजकूर असतो आणि त्याच्या सोबतीला चूक ओळखून दुरुस्त करणारी जादा माहिती असते. व्हिडिओ सीडीमध्ये त्या दुरुस्तीचा शेवटचा थर काढून टाकून ती जागाही चित्राला दिली गेली, त्यामुळे एका सेक्टरमध्ये २३२४ बाइट बसत आणि ७०० एमबीच्या सीडीवर सुमारे ८०० एमबीचा व्हिडिओ मावत असे. चित्रात चार बिंदू चुकले तर डोळा ते सोडून देतो, हिशेबात एक आकडा चुकला तर सगळा ताळेबंद चुकतो, असा तो विचार होता. डीव्हीडीत व्हिडिओ आणि डेटा यांना दुरुस्तीची सोय सारखीच मिळाली, तरी चित्राचा क्षमाशीलपणा तिथेही कायम राहिला: एखादा तुकडा वाचता आला नाही तर पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा सेकंद, चौकोन दिसतात आणि गाडी पुढे जाते. एवढे सगळे खरे आहे. फक्त मूळ दुसरीकडे कुठे आहे का, हा प्रश्न त्याने मला विचारला नाही आणि मी स्वतःलाही विचारला नाही. हिशेब कार्यालयाच्या सर्व्हरवर होते, छापून फायलींत लावलेले होते, आणि वर्ष सरल्यावर ते कोणी उघडणारही नव्हते. प्रबंधाच्या बांधीव प्रती विद्यापीठात आणि घरी होत्या. वाडा मात्र त्या महिन्यानंतर कुठेच असणार नव्हता. चित्रीकरण ज्या मिनिडीव्ही कॅसेटवर केले होते त्या, कॅमेऱ्यासह, माझ्या आतेभावाच्या. तासाभराच्या कॅसेटला संगणकावर १३ जीबी जागा लागते, आणि माझी हार्ड डिस्क अवघी ८० जीबीची. तीन कॅसेट उतरवून, कापून, दाबून दोन तासांची डीव्हीडी केली आणि मूळ फाइली पुसून टाकल्या. कॅसेटवर पुढच्या महिन्यात एका मुंजीचे चित्रण झाले, आणि ते मला विचारूनच झाले.

त्यानंतरचे काही आठवडे मी ती डिस्क दिव्याखाली धरून पुष्कळ वेळा पाहिली. खालच्या बाजूने ती जांभळट दिसते, आणि आतल्या कड्यापासून बाहेरपर्यंत लिहिलेला भाग किंचित गडद. विकत मिळणाऱ्या छापील डिस्कमध्ये प्लास्टिकवरच खड्डे उमटवलेले असतात. घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये खड्डे नसतात, एका सेंद्रिय रंगाचा अतिशय पातळ थर असतो आणि लेझर तो ठिकठिकाणी भाजत जातो. १९८८ मध्ये जपानच्या तैयो युडेन कंपनीने असा रंग वापरून पहिली राइट करता येणारी सीडी सिद्ध केली. तिचा सायनिन रंग निळसर-हिरवा, मित्सुबिशीचा अॅझो गडद निळा, मित्सुईचा थॅलोसायनिन इतका फिकट की डिस्क जवळजवळ सोनेरी दिसे. आम्ही दुकानात मोरपिशी, निळी, सोनेरी असे रंग पाहून भुलत होतो, पण तो रंग हेच खरे लिखाणाचे अंग होते आणि कोणत्या रंगाला ऊन किती सोसते यावर पुढचे सगळे अवलंबून होते. त्या थरामागे चकाकणारा धातू असतो. तो बहुधा चांदी असतो आणि हवेतल्या गंधकाने तो काळवंडू शकतो. सोने काळवंडत नाही, पण सोन्याच्या डिस्का मी तपकीर गल्लीत कधी पाहिल्या नाहीत. सीडीत हा सगळा संसार लेबलाच्या बाजूला, नुसत्या लाखेच्या पातळ लेपाखाली असतो, म्हणून आपण खालची बाजू जपत असू आणि चरा वरच्या बाजूला पडून सीडी जात असे. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध चिकटवलेला असतो, त्यामुळे वरून धोका कमी. मी मात्र त्यावर कागदी लेबल चिकटवले होते. दिंडी दरवाजाचा तो फोटो मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चकतीचा तोल बिघडवत होता, आणि कागद व डिंक हवेप्रमाणे आकसत-फुगत चकतीला हलकेच वाकवत होते. लेबल नीट मध्यावर बसावे म्हणून मी त्या वेळी दोन कागद वाया घालवले होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २००३ मध्ये ग्रंथालयांसाठी डिस्का कशा सांभाळाव्यात याची पुस्तिका काढली होती. तिच्यात तापमान ४ ते २० अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के सांगितली आहे. डिस्क उभी ठेवावी, अंधारात ठेवावी, लेबल चिकटवू नये, लिहायचेच तर पाण्याच्या शाईच्या पेनने लिहावे, असेही आहे. पुण्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, एप्रिल आणि श्रावण या दोन्ही महिन्यांत काय असते ते मी पुस्तिका न वाचताही सांगू शकले असते. कोकणातल्या माझ्या मावशीकडे तर डिस्कांच्या खोक्यात पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपके यायचे आणि ती त्या पदराने पुसायची. चांगल्या डिस्काही याच अल्बममध्ये, याच उन्हाळ्यांत होत्या आणि तरल्या, हे मला विसरता येत नाही. तिप्पट किंमत म्हणजे नगामागे वीस-बावीस रुपये जास्त. आठ प्रतींचे मिळून पावणेदोनशे रुपये होतात.

मला सर्वांत अधिक लागले ते हे की अठरा वर्षांत डिस्कने एकदाही तक्रार केली नाही. व्हीएचएसची टेप म्हातारी होऊ लागली की दिसायची. आधी कडेला मुंग्या, मग रंग उडणे, मग आवाज जड होणे. माणूस वेळेत दुसरी प्रत काढू शकायचा. डिस्कवर प्रत्येक तुकड्याबरोबर दुरुस्तीची गणिते लिहिलेली असतात आणि ड्राइव्ह वाचता वाचता शेकडो चुका मुकाट्याने सुधारत असतो. बाहेर चित्र लख्ख दिसते. दुरुस्तीची मर्यादा संपेपर्यंत सगळे पहिल्या दिवसासारखेच, आणि ती संपली की ३२ केबीचा आख्खा तुकडा एकदम जातो. २०१२ मध्ये मी ही डिस्क शेवटची पाहिली होती आणि "बघा, काही झालेले नाही" असे घरात म्हटले होते. तेव्हा आत किती चुका साचल्या होत्या हे मोजणारी प्रणाली फुकट मिळत होती. तसे काही असते हेच मला ठाऊक नव्हते. शिवाय डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. बाहेरची कड घडवायला सर्वांत अवघड असते, तिलाच बोटे लागतात, तिथूनच दमट हवा शिरते, आणि मी दोन तास कोंबून डिस्क कडेपर्यंत भरली होती. माडी शेवटी चित्रित केली म्हणून माडी कडेला गेली. घाईत १६ एक्सला, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापटीने, राइट केली, पाच-सहा मिनिटांत एक प्रत निघत होती. लिहून झाल्यावर पडताळणी करण्याची खूण मी स्वतः काढून टाकली होती, कारण तिने वेळ दुप्पट लागत होता.

काकूंना मी खरे सांगितले नाही. "शोधते आहे" म्हटले, आणि बाकीच्या बिऱ्हाडांना फोन लावले. आठ प्रतींपैकी दोन घर बदलताना गेल्या होत्या. एक कोणी कोणाला पाहायला दिली ती परतली नव्हती. खुद्द काकूंची प्रत अशीच गेली होती. चिंचवडला जिन्याखालच्या वहिनींनी मला बाल्कनीत नेले, तिथे कबुतरे येऊ नयेत म्हणून दोऱ्याला चार सीड्या टांगलेल्या होत्या आणि त्यांतली एक वाड्याची होती. उन्हाने तिचा जांभळा रंग पार उडून ती काचेसारखी झाली होती. वहिनींचा चेहरा उतरला, मी म्हटले, "वहिनी, माझीही गेलीच आहे." दोन प्रती मात्र मिळाल्या. कोथरूडची एक टीव्हीखालच्या खणात, कागदी पाकिटात, रिमोटच्या जुन्या सेलांबरोबर पडलेली होती. तिला बारीक चरे होते, पण लेबल नव्हते. वर फक्त पेनाने 'वाडा' लिहिले होते. दुसरी पलंगाच्या पेटीत, लग्नाच्या अल्बमच्या पानांत उभी राहिलेली होती.

या सगळ्या प्रती मी एकाच प्रतिमा-फाइलवरून, म्हणजे आख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल असलेल्या एका फाइलवरून, काढल्या होत्या, म्हणजे प्रत्येकीत प्रत्येक सेक्टर त्याच क्रमांकावर होता. ही एकच गोष्ट त्या मे महिन्यात माझ्या हातून नकळत बरोबर घडली. जीएनयू डीडीरेस्क्यू नावाची एक प्रणाली डिस्कचा सोपा भाग आधी वाचून घेते, अडणारा भाग सोडून देते आणि कुठे काय राहिले याचा नकाशा लिहून ठेवते; मग दुसरी प्रत घातली की ती फक्त राहिलेली ठिकाणे मागते. तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह उसना आणला, कारण एक ड्राइव्ह जे वाचत नाही ते कधीकधी दुसरा वाचतो. माझ्या डिस्कने सत्त्याण्णव मिनिटे दिली. कोथरूडच्या डिस्कने माडीचा बहुतेक भाग दिला. पलंगाच्या पेटीतल्या डिस्कने गच्ची दिली. चार रात्री मी त्या घरघरीजवळ बसून होते. नकाशातली भोके एकेक बुजत होती आणि पहाटे कधीतरी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाचा हिरवा रंग पडद्यावर आला. शेवटी अकरा ठिकाणे उरली, जी तिन्हींपैकी कोणीच दिली नाहीत. त्यांतली सर्वांत मोठी जिन्यावर होती.

काकूंच्या नातवाने लिंक पाठवा म्हणून सांगितले होते, तीही पाठवली. काकूंना मात्र 'सीडी'च हवी होती, त्यांच्या टीव्हीला अजून प्लेअर जोडलेला आहे आणि तो लावणे त्यांना जमते. म्हणून मी पुन्हा त्याच दुकानात गेले. आता तिथे सीसीटीव्ही कॅमेरे आणि दिव्यांच्या पट्ट्या आहेत. गल्ल्यावर दुकानदाराचा मुलगा होता. त्याने स्टूल घेऊन वरच्या फळीवरून धूळ झटकत एक खोके काढले. निवड करावी असे फारसे उरलेच नव्हते. नोएडाची मोझर बेअर, जिचे नाव एके काळी जगातल्या मोठ्या उत्पादकांत घेतले जाई, २०१८ मध्ये अवसायनात गेली. तैयो युडेनने २०१५ च्या अखेरीस डिस्का बनवणे सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने राइट करायच्या ब्लू-रे थांबवल्या आणि त्याच घोषणेत मिनिडीव्ही कॅसेटही. मुलाने डाटा की व्हिडिओ हे विचारले नाही. मीच म्हटले, "व्हिडिओसाठी हव्यात, चांगल्यातल्या चांगल्या द्या." घरी आल्यावर दोन तास दोन डिस्कांवर विभागले, कड मोकळी सोडली, ४ एक्सला राइट केले, पडताळणीची खूण ठेवली, आणि मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईने 'वाडा १', 'वाडा २' लिहिले. घरासाठी एक प्रत एम-डिस्कवर काढली, जिच्यात भाजायचा थर सेंद्रिय रंगाचा नसून अकार्बनी असतो; दोन प्रती हार्ड डिस्कवर. दर दिवाळीच्या आवराआवरीत त्या सगळ्या वाचून पाहायच्या असे वहीत लिहून ठेवले आहे.

सहस्रचंद्रदर्शनानंतर आठ दिवसांनी काकूंचा फोन आला. खोल्या पाहिल्या, फडताळ पाहिले, गच्चीतली तुळस पाहिली, सगळे सांगून झाले. मग म्हणाल्या, "जिन्याशी चौकोन चौकोन येतात गं, काही दिसत नाही." मी क्षमा मागायला सुरुवात केली, ती त्यांनी ऐकली नाही. "पण आवाज येतो ना चौथ्या पायरीचा. आमच्या ह्यांनी दोनदा सुतार आणून ठोकून घेतली होती ती, तरी वाजायचीच. रात्री उशिरा आले की ती पायरी सोडून चढायचे, आणि मला नेमकं त्यावरनंच कळायचं." मग त्या म्हणाल्या, "थांब हं, परत लावते. फोन टीव्हीजवळ धरते."